न फुटलेल्या बरण्या

टपालाची नोकरी संपून वर्षं लोटली, तरी गाव त्यांना अजून झपाटेच म्हणतं. पाठीवर पिशवी आली की हा माणूस सुटलाच. जिथे मोटार जात नाही अशा कड्यावरच्या घरांना त्यांनी जन्मभर पायी टपाल पोचवलं, एक पाकीट कधी हरवलं नाही. घरात मात्र धांदरटपणाचा कळस. निदान त्यांच्या बायकोचं मत तसं. बाई मधमाश्या पाळतात, मध बरण्यांत भरून वर फुलाफुलांच्या कापडाची टोपी बांधतात, आणि दर हंगामात एखादी बरणी झपाटे फोडतातच.

"हाताला काय भोकं पडलीत?" बाई कडाडायच्या.

"निसटली गं," म्हणत झपाटे मान खाली घालायचे.

बाईंपुढे मान वर करायची कोणाची टाप आहे? सख्ख्या धाकट्या बहिणीशी त्या एकदा आईच्या शिवणयंत्रावरून भांडल्या, त्या कायमच्या. ती कुठे राहते, जगते कशी, याची चौकशीसुद्धा केली नाही. चौकशी म्हणजे माघार, आणि माघार हा शब्द बाईंच्या शाळेत शिकवलाच नव्हता.

गावानं किनाऱ्याकाठी चालायची वाट आखायला घेतली, तेव्हा समितीच्या प्रमुख अर्थात बाईच. हॉटेल नको, सिमेंट नको, डोंगर फोडणं नको. आहेत त्याच पायवाटांवर पिवळ्या खुणा करायच्या. चालायला येणाऱ्यांनी गावकऱ्यांच्या घरी उतरायचं आणि आपला कचरा आपल्या पाठीवर परत न्यायचा. वाट दाखवायची झपाट्यांनी. त्यांनी एकच हट्ट धरला, की दुभंगलेल्या खडकापाशी वाट वर टेकडीवरून न्यायची. "खाली घसरडं आहे, बघण्यासारखं काही नाही," असं ते इतक्यांदा म्हणाले की कोणालाही शंका यावी. खाली जे होतं ते बायकोच्या दृष्टीस पडलं, तर आपलं त्या घरातलं अन्नपाणी संपलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आखणीच्या दिवशी शहरातून नकाशा काढायला आलेल्या बाई म्हणाल्या, "काका, अजिबात विचार करू नका. जुनी पिशवी पाठीवर घ्या आणि नेहमीसारखे चाला. आम्ही मागून खुणा करत येतो."

इथेच घात झाला. पिशवी पाठीवर आली, पाय सुटले. मागून नकाशेवाल्या बाई, तोंडात तीळ न भिजणारा बेकरीवाला आणि शेवटी हिरव्या स्वेटरमधल्या बाई. झपाट्यांनी शहरातल्या दुकानातला म्हणून आणून दिलेला तो स्वेटर. "ह्यांना आयुष्यात एवढी एकच वस्तू नीट आणता आली," असं बाई गावभर सांगत. झपाटे जुन्या नोकरीतले किस्से सांगत रंगात आले होते. दुभंगलेला खडक आला, गेला. पाय खाली वळले. डोक्याला पत्ताच नाही.

समोरून एक कुत्रा धावत आला, तेव्हा डोकं जागं झालं. कुत्र्यानं शेपूट हलवत थेट त्यांच्या खिशात नाक खुपसलं.

"टपालवाल्याला बघून शेपूट हलवणारं कुत्रं!" बेकरीवाला म्हणाला. "जुनी ओळख दिसतेय, काका!"

झपाट्यांनी कुत्र्याचं नाक खिशातून बाहेर ढकललं. "चला, मागे फिरू. वाट चुकली."

तेवढ्यात झाडांआडच्या घरातून बायकी आवाज आला, "आलात? आज लवकर? थांबा, चहा टाकते."

बेकरीवाल्याचे कान उभे राहिले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोण ही?"

"अगं, ऐक तरी..."

"कोण ही, विचारतेय मी!"

दार उघडलं. आणि दुसरी कोणी बाई असती तर एक वेळ परवडलं असतं हो! दारात बाईंची धाकटी बहीण उभी होती. तिच्यामागे फळीवर बरण्यांची रांग. एकीत बटणं, एकीत दोऱ्याची रिळं, एकीत अर्धा मध. सगळ्यांवर फुलाफुलांच्या टोप्या. इतक्या हंगामांत फुटलेल्या सगळ्या बरण्या, एकीलाही तडा नाही.

 

धाकटीची नजर स्वेटरवर खिळली होती. "ताई," ती हळूच म्हणाली, "बाह्या लांब झाल्या का गं?"

बाईंनी मनगटापाशी दुमडलेल्या बाह्यांकडे पाहिलं. "हा... तू विणलास?"

"मापाला भाऊजींनी तुझं जुनं जाकीट आणलं होतं."

"त्याला कसर लागली म्हणून फेकलं म्हणालात ना!" बाई गर्रकन नवऱ्याकडे वळल्या.

झपाटे कुत्र्याचे कान कुरवाळायला खाली वाकले. 

नकाशेवाल्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रंगाचा डबा सावरत त्यांनी सरळ विचारलं, "काकू, खूण इथे करू, की वाट वरूनच न्यायची?"

 बाईंनी फळीवरच्या बरण्या शेवटच्या टोपीपर्यंत मोजल्या.

"इथे करा," अखेर त्या म्हणाल्या. "पण दारासमोर नको, लोक आत डोकावतील. हिला पहिल्यापासूनच आवराआवर कशी ती माहीत नाही."

"मला माहीत नाही?" धाकटी उसळली. "आणि यंत्र नेऊन त्यावर कुंड्या मांडणारीला माहीत आहे?"

"आईनं ते मला दिलं होतं!"

"तुला? तुला अजून सुईत दोरा ओवता येत नाही!"

बोलत बोलत बाई उंबरा ओलांडून कधी आत गेल्या, त्यांनाही कळलं नाही. दार लागलं. भांडण जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं.

झपाटे अंगणात उभे. आत जावं की पळावं? बेकरीवाला तर गावाच्या दिशेनं केव्हाच पळाला होता, बातमी शिळी व्हायच्या आत. इतक्यात खिडकी उघडली आणि बाईंचा हात बाहेर आला. हातात रिकामी बरणी.

"घरी जा आणि ही भरून आणा. आणि या वेळी खरोखर फोडलीत, तर परत येऊ नका!"

झपाट्यांनी बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि चढाला लागले, जन्मात पहिल्यांदाच सावकाश.