हाड धरेल का?

हापशीचा दांडा तोंडावर बसला आणि कुंताबाईचे समोरचे दोन दात गेले. तेव्हापासून सिंदी मेघेच्या बाजारात ती पदर तोंडाशी धरूनच वांग्यांचा भाव सांगायची. गिऱ्हाइकाला ऐकू आलं नाही तर बोटं दाखवायची. पदर काढायची नाही.

दंत महाविद्यालयातली डॉक्टर गुंजन संशोधन करत होती. जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला धरतं का ते पाहायचं, धरलं की वर दात. कुंताबाईला खडबडीत स्क्रू बसवला होता.

"मांडवाला वेल धरतो ना, तसं हाड धरेल," गुंजन म्हणाली होती. "तंबाखू खाता?"

"नाई जी."

ते खोटं नव्हतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा नवरा खायचा. ती फक्त सकाळी तंबाखूचं काळं मंजन बोटावर घेऊन हिरड्या घासायची. आई घासायची, सासू घासायची. ते तोंड धुणं. त्याला तंबाखू कोण म्हणतं?

आज एक्स-रेच्या फोटोत स्क्रूभोवती काळी रेघ निघाली.

"हाड मागे सरकतंय," गुंजन म्हणाली. "तंबाखूवाल्यांचं होतं असं. तुमचं का व्हावं?"

सकाळची चरचर कुंताबाईच्या हिरडीवर अजून होती. तिने पदर तोंडाशी ओढला.

"बाहेर थांबा, काकू. ठेवायचा की काढायचा, सरांना विचारते."

बाहेर बाकावर शेजारची मंदाबाई होती. कुंताबाईनेच तिला आणलं होतं. आज तिला स्क्रू बसणार होता.

"काऊन वं, तोंड उतरलं?"

"काई नाई."

"मले तं धडधडून राह्यलं. सकाळी दोनदा मंजन घासलं. म्हटलं, डॉक्टरीनबाईले वास नको."

तेवढ्यात मंदाबाईला आत बोलावलं.

कुंताबाई बाकावरच राहिली. सांगावं तर तंबाखूवाली म्हणून आपलं नाव संशोधनातून जाणार. स्क्रूही जाणार. मग जन्मभर पदर. आत सुई भरत असतील. मंदीचं हाड कोरतील. आणि तेही धरणार नाही.

ती उठली. दार ढकललं.

"सुई देऊ नका तिले! आमी तंबाखूचं मंजन घासतो. दोघीबी. गल्लीतल्या साऱ्याच घासतात."

गुंजनच्या हातातली सुई तशीच राहिली. मग तिने ती ट्रेमध्ये ठेवली.

"रोज?"

"रोज."

गुंजन स्टुलावर बसली. "मी खाता का एवढंच विचारलं," ती स्वतःशीच म्हणाली.

"माहा काढता काय आता?"

"संशोधनात तुम्हाला धरता येणार नाही. स्क्रू काढत नाही आजच. मंजन बंद करा, मग पाहू. पण वचन देत नाही, काकू."

खुर्चीत आडवी मंदाबाई चिडून म्हणाली, "मंग सकाळी तोंड कायनं धुवाचं?"

कुंताबाईने जिभेने स्क्रू दाबून पाहिला. हलला की भास झाला, तिला कळेना. तिने पुन्हा दाबला.