नाव न सांगितलेला रातवा

त्या सकाळी मी नेहमीसारखा दत्ताच्या गच्चीवर चहाला निघालो, तर जिन्यातच वहिनी भेटल्या. “भाऊजी, हे गेले हो...” एवढंच त्या म्हणाल्या. महिना उलटला, तरी सकाळी पाय अजून तिकडेच वळतात.

दत्ता रेल्वेत इंजिनिअर. साताऱ्याहून लखनऊला आला आणि इथलाच झाला. मी बँकेतला, कावळा-चिमणीपलीकडे मला पक्षी ओळखता येत नाही, यावरून त्याने माझी जन्मभर टिंगल केली. त्याचं वेड एकच, रातवा हा पाचोळ्याच्या रंगाचा निशाचर पक्षी. छावणीतल्या रस्त्यावर तिन्हीसांजेला स्कूटर थांबवून तो मला पाचोळा दाखवायचा, आणि मी वैतागून काही बोलणार तोच तो पाचोळा उडून जायचा! पण पक्ष्याचं नाव तो कधी लगेच सांगायचा नाही. “आधी तो बसतो कसा, उठतो कसा ते सांग. नाव काय, पुस्तकातही सापडतं.” बघण्याची अशी शिस्त मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मुलगी मुक्ता नोकरीसाठी ब्राझीलला गेली आणि तिचे फोन हळूहळू सणावारापुरते उरले. दत्ता बोलायचा नाही, पण आतून खचला होता. मग एकदा तिने फोटो पाठवला: फुटबॉलच्या मैदानात गवतावर बसलेला कसलासा पक्षी. दत्ता मला म्हणाला, “हा नाकुंडा. आपल्या रातव्याचा तिकडचा भाऊबंद.” तिला मात्र त्याने कळवलं, “नीट बघून ये, मग सांगतो.” मी डोळे वटारले. “नाव सांगितलं की फोन संपला, यार,” तो म्हणाला.

ती संध्याकाळी मैदानात जाऊन उभी राहायची आणि तिची रात्र झाली की इकडे आमच्या चहाला फोन यायचा. ती सांगायची, अंधार पडायच्या आतच तो किड्यांमागे निघतो, उडाला की पोट पांढरंशुभ्र दिसतं, पंख संथ मारतो, थव्याने उघड्यावर बसतो, अंडीसुद्धा घरट्याविना जमिनीवरच... “बाबा, अब तो नाम बताइए!” “अजून एकदा बघ.” मग गाडी तिच्या ऑफिसवर, जेवणावर यायची, आणि दत्ताचा चहा गार व्हायचा.

तेराव्यानंतर मुक्ता परत निघाली तेव्हा मला राहवलं नाही. बाबांना नाव पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, हे मी सांगून टाकलं. ती रडता रडता हसली. “काका, मुझे भी पता था. ऑफिसवालों ने उसी दिन बता दिया था.”

हल्ली चहाच्या वेळेला माझा फोन वाजतो. “काका, आज तीन बैठे थे.” गच्चीवर दत्ताच्या वेताच्या खुर्चीत बसून मी, पक्ष्यांतलं ओ की ठो न कळणारा माणूस, घसा साफ करतो आणि विचारतो, “बरं... उठले कसे?”