साडेआठचा पाऊस

सकाळी आठला मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि पाच मिनिटांत अख्ख्या दिवसाचा पाऊस सांडून ठेवला.

हेतू शुद्ध होता हो. नोव्हेंबरचा महिना, म्हणजे इकडे तमिळ मुलखात ऐन पावसाळा, रात्रभर धो धो कोसळून नुकतीच उघडीप झालेली. पाण्याच्या टाकीपासून लांब, मोकळ्या कोपऱ्यात एक नळकांडं उभं होतं. वर नरसाळं, आत पाणी. आदल्याच आठवड्यात महापालिकेची माणसं डेंग्यूची पत्रकं वाटून गेली होती, की साचलेलं पाणी दिसलं की ओतून टाका. मी ओतलं. जुन्या बनियनने नळकांडं आतून पुसलं आणि डासांनी पुन्हा विचारही करू नये म्हणून पालथं घातलं. मतदान करूनही मला इतकं जबाबदार नागरिक झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

दुसरी बादली पिळत होतो, तेवढ्यात बरोबर साडेआठला गोदाक्का वर आल्या. आमच्या तिरुवान्मियूरच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहतात. वय अडुसष्ट, शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी अशी की मधूनच बखरीतलं वाक्य येतं आणि शेवटी तमिळ हेल लागतो. हातात वही, कानामागे पेन्सिल.

पालथ्या नळकांड्याकडे त्यांनी पाहिलं. मग माझ्या बनियनकडे.

"विद्याधर सार, हें कोणी केलें?"

"मीच," मी अभिमानाने म्हणालो. "डासांचं बघा ना अक्का..."

"अय्यो! तो पाऊस होता!"

मग मला कळलं, की पट्टिनपाक्कमपासून नीलांकरैपर्यंत समुद्राकाठी राहणारी सोळा माणसं रोज साडेआठला आपापल्या गच्चीवरचा पाऊस मोजतात आणि आकडा व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात. पगार नाही, सुट्टी नाही, कुणी सांगितलेलं नाही. गोदाक्का हे अकरा वर्षं करत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांच्या वहीतला एकही रकाना रिकामा नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशनची वेळसुद्धा त्यांनी डॉक्टरांशी भांडून उन्हाळ्यात घेतली होती. उन्हाळ्यात तरी माप चुकलं असेल ना, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "शून्यही मोजावें लागतें. वसंतेस तीन दिवस वर पाठवलें."

वसंता म्हणजे किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीतली गटाची सभासद. ती माप घेते आणि मग मासे विकायला बसते.

मी लगेच भरपाईला लागलो. "गच्चीवर माझी बादली रात्रभर होती अक्का. तिच्यातलं पाणी मोजू."

"बादली वर रुंद, खाली अरुंद. शिवाय नळाखाली."

"बरं, मोबाइल काय म्हणतो बघू. साठ मिलिमीटर."

"मोबाइल काय गच्चीवर निजला होता?"

"मग गटावर बघा. अड्यारचे विजयेंद्र चौऱ्याऐंशी पूर्णांक दोन. वसंता सत्त्याण्णव पूर्णांक सहा. आपण दोघांच्या मध्ये. एक्क्याण्णव लिहून टाका!"

अक्कांनी चष्मा काढला. शाळेत त्या असा चष्मा काढत, तेव्हा मुलं आपण होऊन वर्गाबाहेर जात असणार. "एक किलोमीटरावर पाऊस बदलतो म्हणूनच सोळा जण मोजतों. मधलें लिहायचें तर मी कशास? तुम्हीच घरी बसून सोळा आकडे लिहा."

आणि त्यांनी रकाना रिकामा ठेवला. शेऱ्यात लिहिलं, 'पाऊस झाला. मोजला नाही. वरच्या मजल्यावरील मराठी गृहस्थांनी ओतला.' याचा फोटो गटावर गेला. एग्मोरच्या ऑफिसात पोचेपर्यंत मला तीन अनोळखी नंबरांवरून डोळे वटारलेले चेहरे आले होते. संध्याकाळी आमच्या सौभाग्यवतीने, विद्युलतेने, घराबाहेरच्या दोन्ही बादल्या आत घेतल्या. "तू काहीही ओतू शकतोस," म्हणाली.

मी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. त्याला कारणही होतं. डिसेंबरात अक्कांच्या भाचीचं, दिव्यश्रीचं, तंजावरला लग्न होतं. या मुलीला अक्कांनी दोन वर्षं घरी ठेवून शिकवलं होतं. पण लग्न ऐन पावसाळ्यात, वसंतेच्या वस्तीत पाणी शिरलेलं, विजयेंद्र मुलीकडे परदेशी. माप घेणार कोण? दुसरा रकाना रिकामा राहायची वेळ आली होती.

म्हणून मी तीन आठवडे रोज साडेआठला अक्कांच्या शेजारी उभा राहिलो. उभा म्हणजे ओणवा. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरायची, कडेला चढलेलं पाणी बघायचं नाही, मधला खोलगट भाग वाचायचा. माझा चष्मा वाफेने आंधळा, कंबर धरलेली, ऑफिसला रोज उशीर.

"किती?" अक्का विचारत.

"साडेबारा."

"बारा पूर्णांक चार."

"तेच ते, अक्का."

"तेच तें नव्हे!"

एकदा मी आठ वीसलाच वाचून टाकलं, कारण पाऊस थांबला होता आणि माझी गाडी थांबणार नव्हती. आठ पंचविसाला पुन्हा सर आली. अक्कांनी नुसतं मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं.

पण शेवटच्या आठवड्यात माझे सहा आकडे लागोपाठ बरोबर आले. सातवा फक्त एका दशांशाने चुकला, तोही कावळ्याने नरसाळ्यावर बसून लक्ष विचलित केल्यामुळे. मला भरून आलं. लग्नाला चार दिवस होते. जिना उतरता उतरता मी म्हणालो, "अक्का, आता निर्धास्त जा तंजावरला. दिव्यश्री वाट बघत असेल. तीन दिवस पाऊस माझ्याकडे सोपवा."

अक्कांनी वही काखेत घट्ट धरली आणि म्हणाल्या, "नको, लग्न मी व्हिडिओवर बघेन."