आत्याचा चाकू

माझी आत्या चाळीस वर्षं रोपवाटिकेत कलमं बांधतेय. हल्ली तिचा घडीचा चाकू उघडायला जड जात होता, म्हणून मी शहाणपणा करून पात्याचा स्क्रू सैल केला. आत्याने मिटलेला चाकू उलटा धरला, तर पातं आपसूक बाहेर लोंबलं.

"आता हा कमरेला खोचून माझ्या मांडीवरच कलम करू का?" ती म्हणाली.

तिने सांध्यात साचलेला झाडांचा चीक काडीने खरवडून काढला, तेलाचा थेंब सोडला आणि स्क्रू केसभर आवळत, दर वेळी पातं उघडून पाहिलं. शेवटी ते तिच्या अंगठ्याने अलगद उघडलं आणि उलटं धरलं तरी हललं नाही.

मी उघडायला गेलो, तर मला जडच गेला.

"जाणारच," आत्याने चाकू काढून घेतला. "त्याला चाळीस वर्षं राबलेला अंगठा लागतो."