दुबईचा क्लास आन् वरची ठोकाठोक

आमच्या लातूरच्या क्लासमधले किस्से म्हणजे वाळूचा ढीग हाय. एक घमेलं उचललं की दोन घमेली खाली घसरतात!

मालकानं क्लासच्याच बिल्डिंगचं काम काढलं. आन् आमचे गणिताचे सर रोज संध्याकाळी तिथूनच दुबईच्या मराठी पोरांना ऑनलाईन शिकवतेत. मिस्तरी रशीदमामा बोलले, "सर, सुट्टी घ्या. ड्रिलपुढं तुमचं टिकायचं न्हाई."

सर पेटले! "लावा पैज! तुम्ही ठोका, मी शिकवतो. क्लास बंद पडला तर पोरांसमोर उठाबशा काढीन!"

मी दहावी दुसऱ्यांदा करून राहिलो. लॅपटॉपच्या मागचा बाक माझा. फुकटात सिनेमा!

सर म्हणले, "समजा एक्स..." घर्रर्र! दुबईची एक पोरगी बोलली, "सर, वरच्या काकांना म्यूट करा ना!"

सर जिन्यात जाऊन ओरडले. वरून मामा, "मशीनला तसलं बटन न्हाई, सर!"

धुळीनं सर पांढरेफट्ट. पोरं विचारतेत, "सर, फिल्टर लावलाय का?"

"हाव. सिमेंटचा, पन्नास किलोचा!"

मग फुलीचा किस्सा. जी भिंत पाडायची, तिच्यावर मामा खडूनं फुली मारायचे. सरांच्या पाठीमागच्या भिंतीवर फुली कुणी मारली, ते मला विचारू नका. भर क्लासमधी भिंतीतून छिन्नी आली, मग हात, मग मामाचं तोंड! मामा कॅमेऱ्यात बघून म्हणतेत, "सलाम, दुबईवाले!"

दुसऱ्या दिवशी एकबी पोरगं गैरहजर न्हाई.

पण दुबईच्या पोरांमधल्या ओजसचे पप्पा भडकले. मूळ रेणापूरचे, बाकीची पोरं त्यांच्याच ओळखीनं आलेली. "सर, उद्या मी सोता बसतो. ठोकाठोक ऐकू आली की सगळी पोरं काढून घेतो!"

सरांचं तोंड एवढुसं झालं. पैज गेली उडत, मामापुढं हात जोडले. मामा म्हणले, "तुमची पोरं ती आमची पोरं." दुसऱ्या दिवशी सगळे मजूर हत्यारं ठेवून जिन्यात चिडीचूप!

स्क्रीनवर ओजस, बाजूला पप्पा, हाताची घडी घालून.

"ओजस, सातचा घन किती?"

घर्रर्र!

"काय म्हणलास?"

घर्रर्रर्र!

पप्पा लालबुंद. सर माझ्याकडं खाऊ का गिळू बघून राहिले. मी दोन्ही हात वर केले! मामा ड्रिल घेऊन पळत आले, लोंबती वायर कॅमेऱ्यापुढं धरली. "खुदा कसम साहेब, मशीन बंद हाय!"

घर्रर्र!

पप्पांनी हळूच मान वळवली.

ओजस बारीक आवाजात बोलला, "पप्पा, मीच. मोबाईलमध्ये रेकॉर्ड केलंय. उत्तर येत नसलं की रोजच लावतो!"