पकडलेल्या अणूंचा जाहीर सत्कार

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतल्या आबालवृद्धांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या भाचीने अणू पकडले असून ते सध्या तिच्या ताब्यात आहेत!

तिच्या गावी, पणदऱ्यात लागलेल्या फ्लेक्सची मजल याच्याही पुढे गेली होती. त्यावर 'महान शोधाबद्दल जाहीर सत्कार' असं होतं. फ्लेक्स तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दाजींनी लावलेला. पोरीने पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोनवर सांगितलं, "पप्पा, अणू पकडले!" आणि दाजींनी त्याच दिवशी बारामतीचा हॉल, हार आणि शाल ठरवून टाकली.

सत्काराच्या सकाळी ती घरी न जाता थेट माझ्याकडे इंदापूरला आली.

"मामा, पकडणं ही नुसती सुरुवात असते. प्रयोग झालेलाच नाही. थांबवा त्यांना."

मी हौशी नाटकवाला, म्हणून तिने मला माझ्याच भाषेत समजावलं. काही पदार्थांच्या पोटातून वीज जात नाही, कडेकडेने मात्र जाते. तीही एकाच दिशेने, वाटेत अडथळा आला तरी वळसा घालून. पदार्थातले इलेक्ट्रॉन असे समोर बघता येत नाहीत, म्हणून अतिथंड अणूंना त्यांचं सोंग द्यायचं. रंगमंच लेझरच्या प्रकाशाचा. तिने ओट्यावरचा अंड्यांचा रिकामा ट्रे ओढला आणि खळग्यांत हरभरे टाकले.

"हे प्रकाशाचे खळगे, हे अणू. ट्रे असा गोल हलवला तरच कडेचा प्रवाह सुरू होतो."

तिने ट्रे चाळणीसारखा फिरवला. हरभरे टणाटण उडून फ्रिजखाली गेले.

"हेच होतंय. हलवलं की अणू तापतात आणि कडेने धावायच्या आधीच पळून जातात. न हलवावं, तर नाटकच नाही."

मी खो खो हसलो. ती हसली नाही. फरशीवर बसून हरभरे वेचत म्हणाली, "जे झालंच नाही, त्याची शाल मी कशी घेऊ, मामा?"

मी दाजींना फोन लावला. "दाजी, तालीम सुरू झालीय फक्त, आणि तुम्ही हाऊसफुल्लचा बोर्ड लावलाय!"

"लावला तर लावला! आचारी आलाय, पावणं निघाल्यात. पोरगी लाजतीया, दुसरं काय न्हाय. तुमी निवेदन तेवढं दणक्यात करा."

संध्याकाळी हॉलमध्ये माइक माझ्या हातात आला. 'शोध लावला' एवढं म्हटलं असतं तर टाळ्यांचा कडकडाट झाला असता, दाजींची मान ताठ झाली असती. आणि पोरीची कायमची खाली. मी फक्त "ही माझी भाची" म्हणालो आणि माइक तिच्याकडे दिला.

"प्रयोग अजून जमलेला नाही," ती म्हणाली. "अणू पकडता येतात, टिकत नाहीत. जमेल की नाही, मलाही माहीत नाही. फ्लेक्सवर लिहिलंय ते खरं नाही."

पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळी वाजवावी की नाही, कुणाला कळेना. दाजी तिच्या शेजारीच उभे होते, हातात अर्धी उलगडलेली शाल. त्यांचा चेहरा मला बघवेना. माइक चालू आहे हेही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"आगं, मग आता ही शाल घालू का घडी करू?"