चुलीखालचा मुखवटा

भिमाजीचं दिवसकार्य उरकलं आणि दौलतराव त्याच्या बायकोच्या, गोजाबाईच्या, ओसरीवर येऊन बसले. चाकणजवळच्या त्या गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. देवळातला देवीचा मुखवटा नकली आहे, खरा चांदीचा तुझ्या चुलीखाली पुरलाय, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. जुन्या धामधुमीत वाडवडिलांनी देवीची चीजवस्तू लपवली होती. ती सांभाळणारे 'राखणे' गावात अजून होते; कोण कोण, ते एकट्या दौलतरावांना ठाऊक. भिमाजी त्यांतलाच. आता ती जागा गोजाबाईची. त्यांनी तिच्याकडून भंडारा उचलून घेतला: घर रिकामं सोडायचं नाही, कुणापाशी बोलायचं नाही. शपथ मोडली तर देवी पोटच्या गोळ्यावर कोपेल.

पोटचा गोळा म्हणजे एकुलती लेक दुर्गा. जावई पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. एसटीनं जाऊन सांजच्याला परत येता येईल एवढंच अंतर, पण गोजाबाईला वेस ओलांडता येईना. दुर्गाला सातव्यातच कळा लागल्या, मूल मेलेलं जन्मलं. निरोप येऊनही आई गेली नाही. गाव तिला दगडाच्या काळजाची म्हणू लागलं. ती ऐकून घ्यायची.

दुर्गाला पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी हलायला मनाई केली. गोजाबाईनं दौलतरावांचे पाय धरले, दुसऱ्या कुणा राखण्याला थोडे दिवस घरात बसवा म्हणाली. एका राखण्याला दुसरा कळता कामा नये, एवढंच उत्तर मिळालं. जावं तर लेकीवर कोप, न जावं तर लेक एकटी.

मंगळवारी तिनं चूल फोडली. मुखवटा पदरात घेऊन ती भर आरतीत देवळात गेली आणि सगळ्यांदेखत तो देवीपुढं ठेवला. आरती थांबली.

"वहिनी, काय केलंस हे?" दौलतराव म्हणाले.

"देवीला तिच्या घरी आणलं. आता मला माझ्या लेकीकडं जाऊ द्या."

तेवढ्यात बायकांतून शालनबाई उठली. गोजाबाईची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. कुठं न जाणारी, कुणाच्या लग्नालाही न येणारी. ती घरी गेली आणि मातीनं माखलेला देवीचा मुकुट घेऊन आली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीनं दुसरीचं घर सहज सांभाळलं असतं. दौलतरावांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी गोजाबाई पिंपरीला पोचली. दुर्गानं सगळं ऐकून घेतलं.

"मला एवढंच कळतंय आई, तवा तू न्हवतीस."

गोजाबाईनं लुगडं खोचलं आणि पाणी भरायला घेतलं. पुढं दुर्गाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तरी पोरीला जरा कणकण आली की गोजाबाई दारात बसून चाकणच्या दिशेला, देवीला हात जोडी. दुर्गा तिला काही विचारत नसे. कामाला उठताना पोर मात्र आईच्याच मांडीवर ठेवून जाई.